दर दहा सेकंदांनी

ब्रनोत जानेवारी. प्रयोगशाळेच्या काचेवर आतूनही हिम.
टेबलावर दोन यंत्रं, मध्ये हातभर पिवळी केबल.
एक नुसतं पाठवतं. एक नुसतं घेतं.
सेकंदाला एक कोटी अठ्ठेचाळीस लाख पॅकेटं,
प्रत्येकाच्या वाट्याला सदुसष्ट नॅनोसेकंद.
तेवढ्यात घे, बघ, पुढे ढकल.

आणि या हातभर वाटेत
दर दहा सेकंदांना चार हजार गहाळ.

ओताकार म्हणतो, समुद्रातून चमचाभर गेलं.
मी म्हणते, गिऱ्हाईक चमच्यानंच मोजतं.

सोमवारी केबल बदलली.
मंगळवारी कार्ड उचलून दुसऱ्या खाचेत बसवलं,
ज्या प्रोसेसरनं राबायचं त्याच्याच अंगणात.
त्याची डुलकी बंद केली, मग बाकीची किरकोळ कामं
त्याच्या कोअरवरून हुसकावून लावली,
घड्याळाची टिकटिकसुद्धा.
फरक शून्य.

बुधवारी रांग लांबवली. पाचशे बारा जागा होत्या,
चार हजार शहाण्णव केल्या.
गहाळ आले चारशेच्या आत.
ओताकारनं टाळीसाठी हात पुढे केला.
मी दिली नाही.
ओसरी वाढवली म्हणून
दार कोण लावून घेतं ते कळत नाही.

गुरुवारी रात्री झ्दिस्लावा आली, थर्मासमध्ये लसणाचं सूप.
चाचणी रात्रभर चालणार होती,
आम्ही दोघी आकड्याकडे बघत बसलो.
तिचे वडील व्हिश्कोवच्या वृद्धाश्रमात असतात.
तिथली नर्स म्हणे दर तासाला दार उघडून
तोंडावर टॉर्च मारते,
झोपलेत ना, ते बघायला.
वडील म्हणतात, तिला सांग,
झोपलोच होतो.

आम्ही हसलो. सूप संपलं.
माझा चार्जर घरी राहिलेला.
दोन वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप विझला,
पडद्यावरचा हिरवा आकडा त्याच्याबरोबर.
उठायचा कंटाळा आला.
कोट पांघरून दोन खुर्च्यांवर आडव्या झालो.

सकाळी आठला थेट यंत्राच्या पडद्यावर पाहिलं.
गहाळांचा आकडा तोच. दोन दहाचा.
मी डोळे चोळले, पुन्हा पाहिला, वहीशी ताडला.
सहा तास
वाटेत एकही हरवलं नव्हतं.

लॅपटॉपवर अकरा ओळींची स्क्रिप्ट चालायची.
ऑक्टोबरात लिहिलेली, घाईत, जेवणाच्या सुट्टीत.
दर दहा सेकंदांनी ती जाऊन कार्डाला विचारायची,
किती हरवली?
कार्ड उत्तर शोधायला वळायचं,
तोवर घेणाऱ्याच्या हातात कुलूप,
तीनशे मायक्रोसेकंद,
आणि दाराशी साडेचार हजारांची रीघ.
मग उत्तर यायचं, चार हजार.
अगदी बरोबर असायचं ते.

झारीतला शुक्राचार्य हुडकायला
आठवडाभर काडी फिरवत होते.
डोळा फुटला तो माझाच.

ओताकारला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ
जुन्या केबलचं भेंडोळं गुंडाळत राहिला.
मग म्हणाला, तरी केबल जुनीच होती.

आता घेणारा जाता जाता पाटीवर आकडा लिहून ठेवतो.
आम्ही पाटी वाचतो. त्याला हाक मारत नाही.
दुपारपर्यंत पाटीवर शून्य होतं,
संध्याकाळीही.
मला मात्र दर थोड्या वेळानं
उठून बघावंसं वाटत होतं.

झ्दिस्लावानं व्हिश्कोवला फोन लावला.
वडिलांना नाही, ऑफिसात.
खोलीच्या दाराला
छोटीशी काच बसवता येईल का?
पलीकडे कुणीतरी कागद चाळले.
म्हणाले, विचारून सांगू.